रणाच्या काठावरचे बंदर

(द्वितीय वर्ष, कला)

समुद्र मी फक्त पुस्तकात पाहिला होता. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावात पाणी म्हटले की विहिरीचे, नाही तर टँकरचे. गेल्या वर्षी भूगोलाच्या सरांनी किनाऱ्यांचे प्रकार शिकवण्यापूर्वी वर्गाला विचारले, "समुद्र प्रत्यक्ष पाहिलेल्यांनी हात वर करा." साठ-सत्तर जणांच्या वर्गात जेमतेम वीस हात वर गेले. माझा हात खालीच होता, पण काय वाटले कोण जाणे, मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, माझे वडील दर महिन्याला कांडला बंदराला जातात."

"असं? काय करतात वडील?"

"वाहतूक व्यवसाय आहे, सर."

हे उत्तर मला ऐनवेळी सुचलेले नव्हते. प्रवेशअर्जावर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यापुढे मी हेच दोन शब्द लिहिले होते. शब्द खोटे नव्हते. परंतु ते वाचून कोणाच्याही डोळ्यांपुढे चार-दोन ट्रकांचा मालक उभा राहावा, अशीच ती योजना होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच.

सर सहज म्हणाले, "मग एकदा जाऊन ये की वडिलांबरोबर. रण आणि समुद्र एका ठिकाणी पाहायला मिळतात तिथे." वर्गात बसून मी मान डोलावली. परंतु ते वाक्य वर्षभर डोक्यात राहिले.

या वर्षी पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यावर मी आबांजवळ विषय काढला. ते जेवत होते. म्हणाले, "काय पाहायचंय तिथं? धूळ आहे, मीठ आहे आणि लाईन आहे." आई मात्र म्हणाली, "न्या हो त्याला. बाप काय करतो ते पाहू द्या एकदा." आई हे सहज बोलली असावी, पण माझ्या मनात चोर होता, त्यामुळे मला ते चांगलेच लागले. योगायोगाने आबांचा क्लीनर बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेला होता. नाताळच्या आठवड्यात मी क्लीनरच्या जागेवर जाऊन बसलो.

गाडी दहा चाकी. माल सोयापेंडीचा, पोत्यांमधला. धुळ्याहून कांडला सुमारे आठशे किलोमीटर. साक्री मागे पडली, कोंडाईबारीचा घाट उतरला, नवापूर गेले आणि पाट्यांवरची अक्षरे बदलली. मी मराठी, हिंदी आणि थोडेफार इंग्रजी वाचणारा कॉलेजकुमार. पण त्या पाट्यांपुढे पार निरक्षर झालो. आबा मात्र स्टिअरिंगवरचा हात न काढता एकेक पाटी वाचून दाखवत होते : सोनगढ, व्यारा, बारडोली. मी आश्चर्याने विचारले, "आबा, तुम्ही गुजराती कधी शिकलात?" ते हसून म्हणाले, "डोक्यावरची रेघ काढून टाक, अर्धी गुजराती आलीच. बाकीची रस्त्यानं शिकवली." घरी माझ्या वह्या उलट्या धरून पाहणारे आबा मला आठवले. ते उलट्या का धरत, हे मी कधी विचारलेच नव्हते. त्या वेळी कळले, की ते गंमत करत होते!

भरूचला नर्मदेच्या पुलावर आबांनी एक नाणे खिडकीबाहेर टाकले. अहमदाबाद रात्री गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे विरमगाम, मग ध्रांगध्रा, हळवद. झाडे कमी होत गेली. उरली ती गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. तीही हळूहळू बुटकी झाली आणि जमीन सपाट, करडी, भेगाळलेली दिसू लागली. माळिया सोडल्यावर सुरजबारीचा पूल आला. आबांनी गाडी हळू केली. "ह्या पुलापलीकडे कच्छ. पाहून घे तुझ्या पुस्तकातलं."

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग, एवढेच चित्र माझ्या डोक्यात होते. येथे टेकडी नव्हतीच. एका बाजूला कच्छच्या आखाताचे शेवटचे टोक, दुसऱ्या बाजूला छोटे रण, आणि दोहोंच्या मध्ये चिखल, पाणी आणि मीठ यांची अशी सरमिसळ, की जमीन कोठे संपली आणि समुद्र कोठे सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येऊ नये! रण हा पूर्वीचा उथळ समुद्रच. नद्यांच्या गाळाने तो हजारो वर्षांत भरत आला. १८१९ सालच्या भूकंपाने मोठ्या रणात एक लांबच लांब उंचवटा उभा केला. त्याला लोक 'अल्लाबंद' म्हणतात. पावसाळ्यात आखाताचे खारे पाणी आणि नद्यांचे गोडे पाणी रणात एकत्र येते. छोट्या रणात तेव्हा कोळंबी पकडतात. हिवाळ्यात तेच पाणी आटून मिठाचा पापुद्रा उरतो आणि त्याच भूमीवर अगरिये मिठाचे वाफे बांधतात. एकच जमीन चार महिने समुद्र आणि आठ महिने वाळवंट! परीक्षेत या विषयावर मी दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. ते उत्तर किती कोरडे होते, हे त्या पुलावर कळले.

पुढे सामखियाळी आणि भचाऊ. भचाऊला आबा म्हणाले, "इथं जुनं घर शोधून दाखव." सारे गाव नवे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी, झेंडावंदनाच्या वेळी, भूकंपाने हे गाव जमीनदोस्त केले होते. आबा तेवढेच बोलले आणि गाडी पुढे निघाली. या रस्त्यावर आबांना बरेच काही ठाऊक होते. पण त्यांची सांगण्याची पद्धत मैलाच्या दगडासारखी. एक आकडा, एक नाव, पुढे चला.

दुपारी गांधीधाम आले. या शहराची हकिगत इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी. फाळणीत कराची बंदर पाकिस्तानात गेले आणि उत्तर व वायव्य भारताचा समुद्राकडचा दरवाजाच बंद झाला. कांडल्याला एक धक्का होता, महाराव खेंगारजी तिसरे यांनी १९३१ साली बांधलेला. तेथेच मोठे बंदर करायचे ठरले. १९५२ साली पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली आणि १९५५ साली ते देशातील प्रमुख बंदरांत गणले गेले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी भाई प्रताप यांनी पुढाकार घेतला, कच्छच्या महारावांनी पंधरा हजार एकर जमीन दिली आणि त्या ओसाड खाऱ्या रानावर गांधीधाम वसले. गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली येथील खाडीत विसर्जित झाला. जवळच आदिपूरला त्यांची समाधी आहे. ज्यांचा समुद्रकाठ सुटला, त्यांनी दुसरा समुद्रकाठ उभा केला! २०१७ पासून बंदराचे नाव दीनदयाळ बंदर झाले आहे. ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी मात्र कांडलाच.

गांधीधामपासून बंदरापर्यंतचा रस्ता दहा-बारा किलोमीटरचा. तो डोळ्यांपुढून अजून हलत नाही. दोन्ही बाजूंना मिठागरे, पांढरे चौकोन आकाशाला टेकलेले. मध्येच तेलाच्या गोल टाक्या, मध्येच लाकडाच्या वखारी. इतके लाकूड मी जन्मात पाहिले नव्हते. झाड म्हणून दिसत नाही अशा मुलखात परदेशच्या ओंडक्यांचे डोंगर! न्यूझीलंडचा पाईन, मलेशियाकडचे लाकूड, आफ्रिकेतले सागवान, सारे येथे उतरते. २०१५-१६ साली या बंदराने वर्षभरात दहा कोटी टन मालाचा टप्पा ओलांडला. आकडा वाचताना काही वाटत नाही. पण त्यातला आपल्या वाट्याचा माल घेऊन गाड्यांच्या लाईनीत उभे राहिले की दहा कोटी म्हणजे काय ते कळते.

आमच्यापुढे किती गाड्या होत्या ते मी मोजू लागलो आणि दीडशेला सोडून दिले. तीन तासांत गाडी चार वेळा हलली. धूळ, डिझेलचा धूर, तोंडावर खारट थर. मी वैतागून म्हणालो, "काय ही भिकार लाईन! यात निम्मं आयुष्य जातं माणसाचं." आबा एरवी माझ्यावर रागावत नाहीत. त्या वेळी मात्र ते कठोर आवाजात म्हणाले, "लाईनीला शिवी देऊ नको." मी गप्प बसलो. कारण समजले नाही.

संध्याकाळी गेटजवळ आलो. तेथल्या माणसाने आबांचे कागद पाहिले, बिल्टी पाहिली आणि माझ्याकडे मान वळवून विचारले, "साथे कोण?" आबा म्हणाले, "छोकरो छे. कॉलेजमां भणे छे." तो म्हणाला, मग आत नेता येणार नाही. मागच्या गाडीचा ड्रायव्हर आबांच्या ओळखीचा होता. त्याने हळूच सुचवले, "क्लीनर म्हणून नाव घाल की पोराचं. तात्पुरत्या पासाचा अर्ज दे, आधार कार्ड दाखव, होऊन जाईल." मला वाटले, प्रश्न सुटला. आठशे किलोमीटर मी क्लीनरच्याच जागेवर बसून आलो होतो. मग कागदावर तसे लिहिले तर काय बिघडले? पण आबांनी मान हलवली. "नाही. त्याचं नाव क्लीनर म्हणून कुठं लिहायचं नाही." मला म्हणाले, "इथंच चहाच्या टपरीवर बस. मी खाली करून येतो."

गाडी आत गेली. मी भिंतीबाहेर बसलो. भिंतीवरून क्रेनच्या माना दिसत होत्या आणि एका जहाजाचे धुराडे. समुद्र पाहायला आलो आणि समुद्राच्या दारात बसलो! परंतु त्या रात्री मला समुद्राचे तितकेसे वाईट वाटले नाही. आबांचे वाक्य कानांत घुमत होते. मी एका रकान्यात 'ड्रायव्हर' लिहायला लाजलो होतो, आणि त्यांनी एका रकान्यात 'क्लीनर' लिहू दिले नव्हते. दोघांनीही एकेक शब्द टाळला होता. त्यांनी तो माझ्यासाठी टाळला होता. मी कोणासाठी टाळला होता?

आबा पहाटे परतले. परतीचे भाडे पाईनच्या फळ्यांचे होते आणि वखारीत भरणी दुपारनंतर सुरू होणार होती. सकाळ मोकळी होती. मी विचारले, "आबा, तुम्ही रोज पाहता तो समुद्र कसा आहे हो?" ते थोडा वेळ थांबून म्हणाले, "रोज कुठला? जहाज आणि गोदाम यांच्या फटीतून काळं पाणी दिसतं, हातभर. काठावर बसलो असा कधी नाही. चल, आज जाऊ."

मिठागरातून खाडीकडे जाणारा एक कच्चा बांध आबांना ठाऊक होता. आम्ही अर्धा-पाऊण तास चाललो. दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत पाणी होते, कोठे आभाळी, कोठे गुलाबी, आणि कडेला मिठाचे खडे धरू लागले होते. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकते. 'पिकते' हाच शब्द येथे खरा, कारण शेतासारखेच वाफे, शेतासारखीच निगा आणि शेतासारखीच उन्हाची वाट पाहणे. फरक एवढाच, की आमच्याकडे पाऊस आला नाही तर पीक जाते आणि येथे अवेळी आला तर.

बांधावर एक म्हातारे काका दाताळ्याने वाफ्याचा तळ सारखा करत होते. पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, टाचांना चिरा. आबांनी त्यांना विडी दिली. ते सुरेंद्रनगरकडचे. पावसाळ्यात गावी, उरलेले वर्ष येथे. मी भूगोल शिकतो हे कळल्यावर ते सांगू लागले. खाडीच्या काठाला जी झुडपे आहेत त्यांना ते चेर म्हणतात. ती म्हणजे आपली तिवरे. भचाऊच्या बाजूला उंटांची एक जात आहे, खराई. ती भरतीच्या पाण्यात पोहत जाऊन बेटांवरची चेर खाते. वाळवंटाचे जनावर समुद्रात पोहते, हे मला खोटेच वाटले असते. परंतु नंतर ग्रंथालयात वाचले, तर २०१५ साली खराईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाल्याची नोंद सापडली.

मग काकांनी वाफ्याजवळच्या एका खांबाकडे दाताळे दाखवले आणि ते आपल्या डोक्याच्या वर नेले. म्हणाले, "अठ्ठ्याण्णव साली पाणी इथवर." मी काही विचारण्याआधी आबाच बोलले, "नऊ जून. मंगळवार होता."

काका चमकून आबांकडे पाहू लागले. मीही.

१९९८ सालच्या ९ जूनला कांडल्यावर चक्रीवादळ आले. समुद्राची लाट मिठागरांवर चढली. पळायला उंचवटा नाही, चढायला झाड नाही. गुजरातेत हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांत येथल्या मिठागरांतली आणि बंदराभोवतीच्या झोपड्यांतली फार होती. काकांचा भाऊ त्यात गेला. "सांगायला कुणी आलं नाही," ते म्हणाले. एवढेच म्हणाले, आणि पुन्हा दाताळे ओढू लागले.

आम्ही खाडीच्या काठी जाऊन बसलो. ओहोटी होती. चिखलाचा मोठा चकाकता उतार आणि दूर खाली पाणी. माझ्या कल्पनेतल्या लाटा तेथे नव्हत्या. आबा पाण्याकडे पाहत बोलू लागले. इतके सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते.

"मी तेव्हा क्लीनर होतो. नुकताच लागलो होतो, एकोणीस वर्षांचा. उस्तादांची गाडी लाईनीत होती, गांधीधामच्या अंगाला. पुढं लई गाड्या. सकाळपासून मी लाईनीला शिव्या देत होतो, की नंबर लागता तर आत जाऊन झोपलो असतो. दुपारी वारं सुटलं. ताडपत्री फाटून गेली. आम्ही गाडीखाली चाकाला धरून पडलो. ज्यांचा नंबर आधी लागला होता, ते खाली होते, पाण्याच्या बाजूला."

ते थांबले. मी विचारले, "मग?"

"मग काय! पाणी उतरलं. उस्तादांनी माल एका वखारीत उतरवून दिला आणि गाडी दिली लोकांना. त्या आठवड्यात आम्ही गाडीत माल भरला नाही."

याचा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. कळल्यावर पुढे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

"घरी सांगितलंत?"

"तुझ्या आजीला म्हणालो, पाऊस लागला म्हणून उशीर झाला."

मी एकोणीस वर्षांचा आहे. एकोणीस म्हणजे माझ्या लेखी सत्रपरीक्षा, कँटीन, स्नेहसंमेलन आणि अर्जातल्या रकान्याची लाज. त्याच वयात माझा बाप याच खाडीकाठी काय उचलत होता, हे त्याने सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. 'क्लीनर' या शब्दात त्यांनी काय काय पाहिले होते, म्हणून तो माझ्या नावापुढे नको होता! मला काही तरी बोलायचे होते. अर्जाचे सांगायचे होते. पण तोंडून शब्द फुटला नाही.

तेवढ्यात आबा म्हणाले, "पाह्य, आलं."

भरती सुरू झाली होती. आवाज नाही, लाट नाही. चिखलातल्या बारीक नाळांमधून पाणी पुढे सरकत होते, जसे आमच्याकडे पाटाचे पाणी कोरड्या सरीत शिरते. येथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सहा-सहा मीटर वरखाली होते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पाहायला मिळाले ते आबांमुळे. तासाभरात तिवरांचे बुंधे बुडाले. लांब एक जहाज भरतीवर आत येत होते. आबांनी पायातल्या चपला काढल्या, खाली वाकून पाण्यात हात बुडवला आणि तो कपाळाला लावला. नर्मदेच्या पुलावर नाणे टाकताना दिसला होता तोच चेहरा. मीही वाकलो. समुद्र प्रथम हाताला लागला तो असा : गढूळ, गार आणि अतिशय खारट.

दुपारी वखारीत पाईन भरला. ताडपत्री बांधताना आबांनी दोराची गाठ कशी मारायची ते मला दाखवले. माझी गाठ सोडून त्यांनी पुन्हा स्वतःची मारली. परतीच्या वाटेवर मी पाट्या वाचत आलो. सुरतेपर्यंत पाचांतल्या तीन बरोबर येऊ लागल्या.

वाचकहो, आता एकच सांगायचे राहिले आहे. गेल्या महिन्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. कार्यालयाच्या खिडकीपुढे मी दीड तास रांगेत उभा होतो. अर्जात तोच रकाना होता, 'पालकाचा व्यवसाय'. मी लिहिले : ट्रक ड्रायव्हर. खिडकीपाशी पोहोचलो तेव्हा छातीत धडधडत होते. आतल्या गृहस्थांनी अर्जावर नजर टाकली, शिक्का मारला आणि मान वर न करताच म्हणाले, "पुढचा."

एवढेच! ज्या शब्दाला मी दोन वर्षे भीत होतो, त्याच्याकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. मी बाजूला झालो. माझ्यामागे रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि एक मुलगा तिला शिव्या देत होता.